मुरूडचे पंतोजी : कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यातील एका थोर ज्योतिर्विदाविषयी आज चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली. वास्तविक या कामास एखादा संस्कृतज्ञ अथवा खगोलाचा प्राध्यापक हवा होता. आम्ही पडलो जुन्या अकरावीचे मॅट्रिक; अध्यापनाची पदविका घेऊन आयुष्यभर मुलांस गणित-भूगोल शिकविले एवढीच आमची शिदोरी. परंतु ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित हेही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले आणि पोटासाठी शाळेतच शिकविणारे होते, हे ध्यानी आल्यावर आमची भीड थोडी चेपली. एका पंतोजीविषयी दुसऱ्या पंतोजीने बोलण्यास हरकत नसावी.

या विषयाची निवड मात्र चिटणीसांनी सहज केलेली नाही. सन २०२३ मध्ये आपल्या कित्येक वाड्यांत गणपती दोनदा आले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. टिळक पंचांग मानणाऱ्या घरांत २० ऑगस्टला आणि इतरांच्या घरांत १९ सप्टेंबरला. आमच्या स्वतःच्या घरीही तेच झाले. आमचे थोरले बंधू टिळक पंचांगाचे अभिमानी, आमचे चुलतभाऊ दुसऱ्या पंचांगाचे. मुंबईपुण्याच्या मुलांना दोनदा रजा कोठून मिळणार? ज्या माजघरात एका पंगतीला पन्नास पाने मांडली जात, तेथे ऑगस्टमध्ये अकरा पाने मांडली आणि सप्टेंबरमध्ये थोरले बंधू आलेच नाहीत. वहिनी तेवढ्या मोदकांची पाटी घेऊन मागीलदाराने आल्या आणि कोणाशी न बोलता गेल्या. पुढे संघाच्या सभेत अशी सूचना आली की, संघाने बहुमताने एक पंचांग ठरवावे आणि ते सर्व सभासद कुटुंबांस बंधनकारक करावे. त्या सूचनेच्या समर्थनार्थ बोलताना दोन्ही पक्षांनी दीक्षितांचे नाव घेतले! दोन्ही पक्षांपैकी कोणीही त्यांचा ग्रंथ उघडलेला नव्हता. आम्हीही नव्हता. त्याच आठवड्यात एका स्नेह्यांच्या माळ्यावरून १९३१ ची दुसरी आवृत्ती, वाळवीने कडा खाल्लेली अशी, आम्ही मागून आणली आणि वाचावयास बसलो. आजचे बोलणे हे त्या वाचनाचे फळ होय.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. महर्षी कर्व्यांचे घर ज्या गावी, तेच हे मुरूड. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, मॅट्रिकची परीक्षा दिली आणि पुढे त्यांची सारी हयात बदल्यांत गेली : रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुणे. कोठे मराठी शाळेचे हेडमास्तर, कोठे इंग्रजी शाळेत असिस्टंट मास्तर. वेधशाळा नाही, मोठे ग्रंथालय नाही, हाताखाली लेखनिक नाही. सन १८९८ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचे पंचेचाळिसावे वर्षही पुरे झालेले नव्हते.

रेवदंड्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. महाराष्ट्रातील पंचांगे ज्या ग्रंथावरून शतकानुशतके तयार होत, तो 'ग्रहलाघव' शके १४४२ मध्ये, म्हणजे सन १५२० मध्ये, गणेश दैवज्ञांनी लिहिला. हे गणेश दैवज्ञ नांदगावचे. ते गावही त्याच किनाऱ्यावर, जंजिऱ्याच्या बाजूस. त्रिकोणमितीतील ज्यांच्या कोष्टकांवाचून ग्रहगणित करून दाखविण्याची त्यांची युक्ती इतकी सोपी की गावोगावचे जोशी पाटीवर पंचांग मांडू लागले. परंतु सोप्या गणितात राहिलेली बारीकशी चूक वर्षानुवर्षे साठत जाते. एकोणिसाव्या शतकात ग्रहणाची पंचांगातील वेळ आणि आकाशातील वेळ यांत लोकांस फरक दिसू लागला. त्यावर केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ मध्ये इंग्रजी 'नॉटिकल आल्मनाक'च्या आधारे नवे पंचांग काढले. आज आपण ज्यास टिळक पंचांग म्हणतो त्याचे मूळ हे. दीक्षित मोठे होत होते तो काळ असा वादाचा होता. ठाण्यास असताना जनार्दन बाळाजी मोडक यांच्याशी आणि सायनवादी विसाजी रघुनाथ लेले यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि पंतोजींस जन्माचे वेड लागले.

आता त्यांच्या हातून झालेले एक काम आम्ही जरा विस्ताराने सांगतो. ते सांगितल्यावाचून हा मनुष्य कळावयाचा नाही.

मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथे एक दगडी स्तंभ उभा असून त्यावर बुधगुप्त राजाच्या काळचा लेख आहे. वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार, असा त्यात दिवस दिलेला आहे. परंतु वर्ष १६५ कोणत्या शकाचे? गुप्त राजांचा संवत् नेमका कधी सुरू झाला यावर विद्वानांत त्या वेळी मोठे रण माजले होते. कोणी इसवी सनाचे १६६ हे वर्ष धरी, कोणी त्याहून पुढचे, कोणी ३१९. म्हणजे चंद्रगुप्त-समुद्रगुप्तांचा सारा काळ दीडशे वर्षे मागेपुढे झुलत होता. अल्बेरुणीने लिहून ठेवले होते की गुप्तांचा शक शालिवाहन शकानंतर २४१ वर्षांनी सुरू होतो. पण त्याच्या इतर विधानांतील घोटाळ्यामुळे त्यावर भरवसा ठेवावयास सर्वजण तयार नव्हते.

मुंबई इलाख्याचे सनदी अधिकारी डॉ. फ्लीट हे गुप्तांच्या शिलालेखांचा ग्रंथ सिद्ध करीत होते. त्यांस गणित करून देणारा मनुष्य हवा होता. तो त्यांस सापडला बार्शीच्या शाळेत! आता मुलांनी हा हिशेब करून पाहावा. १६५ मध्ये २४१ मिळविले की शके ४०६ येतो. त्यात ७८ मिळविले की सन ४८४. त्या वर्षीची आषाढ शुक्ल द्वादशी दीक्षितांनी सूर्यचंद्रांच्या गतीवरून काढली. ती २१ जून रोजी येते आणि तो दिवस येतो गुरुवार. स्तंभावर कोरलेला गुरुवार आणि बार्शीच्या मास्तरांचा गुरुवार एक झाला.

कोणी म्हणेल, वार सातच आहेत, तेव्हा सातांत एकदा तो आपोआपच जुळावयाचा. शंका रास्त आहे, आणि ती दीक्षितांस आणि फ्लीटांस सुचली नसेल असे नाही. म्हणून एका लेखावर ते थांबले नाहीत. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत वर्षांस 'महावैशाख', 'महाआश्वयुज' अशी नावे आढळतात. ती गुरू ग्रहाच्या बारा वर्षांच्या चक्रातील आहेत. गुरू सूर्यतेजात लोपून पुन्हा पहाटे ज्या नक्षत्रात दिसू लागतो, त्यावरून वर्षास नाव पडते. चौदाशे वर्षांपूर्वी गुरूचा उदय कोणत्या दिवशी व कोणत्या नक्षत्रात झाला याचे गणित दीक्षितांनी मांडले आणि तेही जुळले. वार जुळणे, तिथी जुळणे आणि गुरूही जुळणे, हा योगायोग म्हणता येत नाही. गुप्त संवताचा आरंभ सन ३१९-२० हा १८८८ साली फ्लीटांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला आणि आज शाळेतील इतिहासाच्या पुस्तकांत गुप्त राजांची जी सनावळी आपण पाठ करतो ती त्यावर उभी आहे. फ्लीटांनी आपल्या ग्रंथात दीक्षितांचे ऋण नावानिशी नमूद केले, हेही येथे सांगितले पाहिजे. साहेबाने आमच्या माणसाचे श्रम गिळले, असे बोलण्याची आपल्याकडे खोड आहे. या बाबतीत तसे घडलेले नाही.

पुढे मद्रासकडील निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्यासह दीक्षितांनी 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ केला. तो १८९६ मध्ये लंडनला छापला गेला. सन ३०० पासून १९०० पर्यंतच्या कोणत्याही हिंदू अथवा मुसलमानी तिथीची इंग्रजी तारीख त्यातील कोष्टकांवरून काढता येते. त्याच वर्षी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' छापून निघाला. या मराठी ग्रंथास दक्षिणा प्राइज कमिटीचे बक्षीस मिळाले होते. त्यांची इतर पुस्तके सांगत बसत नाही; त्यांतले १८९२ चे 'ज्योतिर्विलास' तेवढे घरोघर असावे असे वाटते. 'रात्रीची दोन घटका मौज' असे त्याचे दुसरे नाव त्यांनी ठेवले. एवढा गणिती, पण मौज हा शब्द त्यास वर्ज्य नव्हता.

आता एका नाजूक मुद्द्यावर येतो. आपले ज्योतिष सारे ग्रीकांकडून आले, असे काही युरोपीय पंडित म्हणत, आणि ते ऐकून आपल्याकडील काही मंडळी, एक अक्षरही आले नाही, असे म्हणत. दीक्षितांनी या दोहोंपैकी कोणाचीही री ओढली नाही. ते आकडे तपासावयास बसले. वराहमिहिरांच्या 'पंचसिद्धांतिके'त रोमक नावाचा एक सिद्धांत आहे. त्यातील वर्षाची लांबी ३६५ दिवस, ५ तास, ५५ मिनिटे, १२ सेकंद. हीच लांबी ग्रीक ज्योतिषी हिप्पार्कस याने धरलेली होती. सेकंदापर्यंतचे मान दोघांस स्वतंत्रपणे सुचते हे संभवत नाही. शिवाय रोमकाचे युग २८५० वर्षांचे असून त्यात १०५० अधिकमास आहेत. म्हणजे १९ वर्षांत ७. अथेन्सच्या मेटन नामक ज्योतिष्याने ख्रिस्तपूर्व ४३२ मध्ये जे एकोणीस वर्षांचे चक्र सांगितले, ते हेच. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात. पण ज्या 'वेदांगज्योतिषा'त पाच वर्षांचे युग, १८३० दिवस आणि ६२ चांद्रमास सांगितले आहेत, त्याची मांडणी अगदी निराळी आहे. रोमकासाठी जे पुरावे निघतात ते तेथे निघत नाहीत. जेथे घेतल्याचा पुरावा दिसला तेथे घेतले म्हणावे, जेथे दिसत नाही तेथे म्हणू नये, ही त्यांची रीत.

मेटनचे चक्र खरे की खोटे हे आपण घरी पाहू शकता. ज्यांस आपली जन्मतिथी ठाऊक आहे त्यांनी वयाच्या १९ व्या, ३८ व्या, ५७ व्या वर्षीचे पंचांग काढावे. तिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा एकत्र येतात. चुकली तर एखाद्या दिवसाने. सन २००४ मध्ये गणेश चतुर्थी १८ सप्टेंबरला होती, २०२३ मध्ये १९ ला. दोन्ही वर्षी श्रावण अधिक होता.

आणि ग्रीकांत तरी एक पंचांग होते काय? मुळीच नाही. प्रत्येक नगराचे महिने निराळे, वर्षारंभ निराळा. अथेन्सचे वर्ष उन्हाळ्यातील अयनानंतरच्या चंद्रदर्शनापासून सुरू होई आणि अधिक महिना केव्हा धरावयाचा हे बहुधा अधिकारी ठरवीत. ख्रिस्तपूर्व ४२३ मध्ये अॅरिस्टोफेनीसने रंगभूमीवर आणलेल्या एका नाटकात खुद्द चंद्रदेवता तक्रार करते की, तुम्ही दिवस नीट पाळीत नाही, त्यामुळे देव जेवावयास येतात आणि उपाशी परत जातात. आमच्या माजघरातील अकरा पाने आम्हांस येथे आठवली.

मग २०२३ मध्ये आपले काय झाले? गणित अवघड नाही. ज्या चांद्रमासात सूर्य कन्या राशीत जातो तो भाद्रपद. ज्यात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो अधिक. राशी मोजावयाच्या तर आकाशात एक आरंभबिंदू धरावा लागतो, आणि भांडण त्या बिंदूचे आहे. छत्रे व टिळक यांच्या पक्षाने रेवतीतील एक बारीक तारा धरला. आज बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू धरतात. दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. सूर्य दिवसास सुमारे एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी येते. आता पाहा. १६ ऑगस्ट २०२३ रोजी अमावास्या संपली. चित्रापक्षाची सिंहसंक्रांत १७ ऑगस्टला, म्हणजे एका दिवसाने त्या महिन्याबाहेर पडली. महिना संक्रांतीवाचून राहिला, अधिक ठरला, आणि पुढचे सारे सण एक महिना लांबले. टिळक पंचांगाची संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेलेली होती. तेथे तो महिना अधिक ठरलाच नाही. एका दिवसाच्या फरकाने दोन भावांमध्ये एक महिन्याचे अंतर पडले, ते हे असे.

दोन्ही पक्षांस वाटते की दीक्षित आपल्या बाजूचे. बंधूंनो, ते कोणाच्याच बाजूचे नव्हते. ते सायनवादी होते. त्यांचे म्हणणे असे की तारा कोणताही धरा, चूक राहतेच. कारण संपाताचा बिंदूच मागे सरकतो आहे, सुमारे ७२ वर्षांत एक अंश. ताऱ्यांवरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारे वीस मिनिटांनी मोठे. वीस मिनिटे कोणास कळत नाहीत, पण शतके लोटली की कळतात. आपण मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीस करतो आणि उत्तरायण लागले म्हणून तिळगूळ वाटतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरलाच. वराहमिहिरांच्या सुमारास हे दोन्ही दिवस जवळजवळ एक होते. आज चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. सण ऋतूंस बांधलेले आहेत, तर वर्षही ऋतूंचे घ्या, असा दीक्षितांचा आग्रह होता. लेले, मोडक आणि ते यांनी मिळून सायन पंचांग काढलेही. पण ते घराघरांत रुजले नाही.

गंमत अशी की, सायन गणित केले तर २०२३ मध्ये भाद्रपद ऑगस्टमध्येच येतो. हे आम्ही थोरल्या बंधूंस सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. परंतु पुष्कळ वर्षी सायन गणित दोन्ही पंचांगांच्या एक महिना आधी जाते, हेही सांगितल्यावर ते म्हणाले, "मग तुझ्या दीक्षितांना देवघराबाहेरच राहू दे." निदान दोन वर्षांनी ते आमच्याशी बोलले तरी!

सरकारने मात्र दीक्षितांचा विचार निम्मा स्वीकारला. डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत आपल्या महाराष्ट्रातील करंदीकर आणि दफ्तरी हेही होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष सायन आहे. धार्मिक तिथी मात्र निरयन ठेवल्या. त्याच समितीतील उज्जैनचे रा. वि. वैद्य यांनी पुढे दीक्षितांचा मराठी ग्रंथ इंग्रजीत उतरविला आणि तो भारत सरकारने दोन भागांत प्रसिद्ध केला.

म्हणून संघापुढील सूचनेविषयी आमचे मत स्पष्ट सांगतो. ती सूचना मागे घ्यावी. संपात कोठे आहे हे हात वर करून ठरत नाही, आणि आम्ही एकाच ज्ञातीचे म्हणून एकाच ताऱ्यापासून मोजू, यासही काही अर्थ नाही. ज्या घरी जे पंचांग चालत आले ते चालू द्यावे, आणि दोन्ही दिवशी एकमेकांच्या घरी पान वाढले जावे. ज्यास पंचांग बदलावयाचे असेल त्याने आधी गणित करून पाहावे. दीक्षितांच्या तसबिरीस दरवर्षी हार घालतो, तो हवा तर घालावा. पण त्या पैशांतून 'ज्योतिर्विलासा'च्या काही प्रती मिळवून तालुक्यातालुक्यांतील आपल्या मुलांस द्याव्यात. त्यांतील एखादी मुलगी आमच्यापेक्षा बरे गणित करील.

शेवटी एक विनंती आहे. कृत्तिका पूर्वेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात, अशा अर्थाचे एक वाक्य 'शतपथ ब्राह्मणा'त आहे. हजारो पंडितांनी ते वाचले असेल. दीक्षितांनी विचारले, कृत्तिका बरोबर पूर्वेस केव्हा उगवत होत्या? गणित केले तर उत्तर आले, ख्रिस्तपूर्व ३००० च्या सुमारास. काही युरोपीय विद्वानांनी हा निष्कर्ष मानला नाही, त्या वाक्याचा अर्थच निराळा लावला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण आज कृत्तिका पूर्वेस उगवत नाहीत, एवढे तर आपण डोळ्यांनी पाहू शकतो. रत्नागिरीहून त्या पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे पंचवीस अंशांवर उगवतात. हात लांब करून वीत धरली तर एक वीत आणि वर थोडे. गावातून डोंगर आड येतो, म्हणून वसुबारसेच्या संध्याकाळी साडेसातपासून आम्ही शाळेमागच्या सड्यावर असू. त्या तिथीस चंद्राचा उपद्रव नसतो. ज्यांस यावयाचे त्यांनी मुलांस घेऊन यावे, बसावयास चटई आणावी, आणि विजेऱ्या आल्यावर विझवाव्यात. वसुबारस कोणत्या पंचांगाची, असे कोणीतरी विचारीलच. म्हणून इंग्रजी तारीख चिटणीस फलकावर लावणार आहेत. थोरले बंधू येतो म्हणाले आहेत.